म्राविन्स्कींच्या मैफली : ध्वनिफितीवर उरलेली साक्ष

२८ मार्च १९८२. लेनिनग्राद फिलहार्मोनिकचं पांढऱ्या खांबांचं मोठं सभागृह. क्रांतीपूर्वी इथे रशियन उमरावांच्या सभा भरत, आता समोर सोव्हिएत नागरिक बसलेत. मंचावर उंच खुर्चीत ७८ वर्षांचा एक सडपातळ माणूस बसला आहे. हातात छडी नाही. समोर शंभरेक वादक. संगीत आहे दिमित्री शोस्ताकोविच यांच्या आठव्या सिम्फनीचं. खुर्चीतल्या माणसाने अडतीस वर्षांपूर्वी ही रचना जगात पहिल्यांदा वाजवून घेतली होती. संगीतकाराने ती त्यालाच अर्पण केली होती.

त्या माणसाचं नाव येव्गेनी म्राविन्स्की. त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण आज कुणालाही ऐकता येतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा संगीताआधी लक्षात राहिला तो खोकला. अगदी हळुवार जागी, तंतुवाद्यं जेमतेम ऐकू येत असताना, सभागृहात कुणीतरी खोकतं. स्टुडिओत असं झालं असतं तर वाजवणं थांबवून तो भाग पुन्हा घेतला असता. इथे तसं होत नाही. संगीत पुढे जातं आणि खोकलाही त्याच्याबरोबर कायमचा राहतो.

आधी त्या खोकल्याचा त्रास झाला. नंतर वाटलं, तो माणूस तिथे होता. लेनिनग्रादच्या त्या वयस्क श्रोत्यांपैकी अनेकांनी वेढा पाहिला असेल, स्टालिनचा काळ पाहिला असेल. तो खोकला म्हणजे आपण हजर होतो, याची त्याने नकळत केलेली सही आहे. आपल्याकडेही गवयांच्या खासगी मैफलींच्या जुन्या टेप जिवापाड जपल्या जातात. त्यांत दाद असते, तंबोऱ्याची खुंटी पिळल्याचा आवाज असतो, बाहेरून जाणारी मोटार असते. स्टुडिओतल्या स्वच्छ रेकॉर्डपेक्षा रसिकांना त्या टेपा प्रिय असतात, त्याचं कारण हेच.

इतिहास लिहिणाऱ्या माणसाला अशा टेपविषयी आणखी एक प्रश्न पडतो. ही साक्ष नेमकी कशाची आहे? आणि तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा? म्राविन्स्कींच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकताना मी या प्रश्नाभोवती बराच काळ फिरतो आहे.

आवाज न करणारा वादक

ज्यांचा पाश्चात्त्य संगीताशी संबंध नाही, त्यांना कंडक्टर म्हणजे नेमकं काय हे सांगायला हवं. शंभर वादकांच्या मेळ्यात तो एकटाच कोणतंही वाद्य वाजवत नाही. सगळे स्वर संगीतकाराने कागदावर लिहून ठेवलेले असतात. पण कागदावर लिहिलेलं ‘हळू’ म्हणजे किती हळू, ‘मोठ्याने’ म्हणजे किती मोठ्याने, व्हायोलिन वर राहील की ट्रम्पेट, एका वाक्यानंतर श्वास किती घ्यायचा, हे तो ठरवतो. त्याचं खरं काम मैफलीच्या आधी, तालमीत होतं.

म्राविन्स्की तालमींसाठी प्रसिद्ध होते आणि वादकांमध्ये त्यांचा धाकही होता. जी रचना या वाद्यवृंदाने त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं वाजवली, तिच्यासाठीही ते पहिल्यांदा वाजवत असल्यासारख्या तालमी घेत. पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे, अशी समोरासमोर बसवण्याची जुनी पद्धत त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. त्यामुळे एका बाजूने सवाल आणि दुसऱ्या बाजूने जबाब आल्यासारखं ऐकू येतं.

त्यांचा जन्म १९०३ चा, सेंट पीटर्सबर्गचा, सरदार घराण्यातला. आत्या येव्गेनिया म्राविना नामवंत ऑपेरा गायिका. बोल्शेविक क्रांतीतल्या प्रसिद्ध नेत्या अलेक्सांद्रा कोलोंताई याही नात्यातल्या. १९१८ मध्ये वडील वारले आणि घराची घडी मोडली. पोटासाठी या मुलाने मारिन्स्की थिएटरात मूकपात्राची कामं केली, नृत्यशाळेत पियानोची साथ केली. विद्यापीठात जीवशास्त्र घेतलं होतं, ते सोडलं. कॉन्झर्वेटरीतून १९३१ साली पदवी मिळाली, तेव्हा त्यांचं वय २८ च्या घरात होतं. १९३८ मध्ये मॉस्कोतल्या अखिल सोव्हिएत कंडक्टर स्पर्धेत ते पहिले आले आणि त्याच वर्षी लेनिनग्राद फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच पदावर राहिले. पन्नास वर्षं, एकच वाद्यवृंद. दरम्यान स्टालिन गेला, ख्रुश्चेव्ह गेले, ब्रेझनेव्ह गेले.

ज्या रात्रीची टेप नाही

म्राविन्स्कींच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची मैफल मात्र आपल्याला कधीच ऐकता येणार नाही. २१ नोव्हेंबर १९३७ च्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही.

जानेवारी १९३६ मध्ये ‘प्रावदा’ने शोस्ताकोविच यांच्या एका गाजत असलेल्या ऑपेऱ्यावर निनावी लेख छापून हल्ला चढवला होता. त्या काळात पक्षाच्या मुखपत्रातली टीका ही फक्त टीका नसायची. पुढे काय होऊ शकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शोस्ताकोविच यांनी तालमी सुरू असलेली आपली चौथी सिम्फनी मागे घेतली. ती पुढची २५ वर्षं वाजली नाही. त्यांच्यावर स्नेह असलेले मार्शल तुखाचेव्स्की यांना जून १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. अटकसत्राच्या त्या वर्षात ३० वर्षांच्या संगीतकाराने पाचवी सिम्फनी लिहिली आणि ती वाजवण्याची जबाबदारी ३४ वर्षांच्या, तेव्हा फारशा नाव नसलेल्या म्राविन्स्कींवर आली.

म्राविन्स्कींनी पुढे तालमींची आठवण सांगितली आहे. लयीविषयी काही विचारावं तर शोस्ताकोविच बोलतच नसत. मग म्राविन्स्कींनी एक युक्ती केली. ते पियानोवर बसले आणि मुद्दाम चुकीच्या लयीत वाजवू लागले. संगीतकार चिडले, त्यांना थांबवलं आणि खरी लय दाखवली. भीतीने गप्प झालेल्या माणसाकडून सत्य काढून घेण्यासाठी त्याच्यासमोर खोटं वाजवावं लागलं. त्या वर्षाविषयी एवढं नेमकं सांगणारा दुसरा प्रसंग माझ्या वाचनात नाही.

मैफलीला हजर असलेल्यांनी लिहून ठेवलंय की, तिसऱ्या, संथ भागात लोक रडत होते. शेवटी टाळ्या अर्धा तास थांबल्या नाहीत आणि म्राविन्स्कींनी सिम्फनीची संहिता दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. या टाळ्या माझ्यासाठी नाहीत, या कागदांसाठी आहेत, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला.

हे सारं आपल्याला सांगणाऱ्यांच्या तोंडून कळतं. इथे मला हदीसशास्त्राची आठवण होते. हदीसचे दोन भाग असतात. एक ‘मतन’, म्हणजे मूळ मजकूर. दुसरा ‘इस्नाद’, म्हणजे तो मजकूर कुणी कुणाकडून ऐकला, याची साखळी. जुन्या मुहद्दिसांनी मजकुराइतकंच साखळीलाही महत्त्व दिलं. रावी, म्हणजे सांगणारा, कोण होता? ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो, त्याला तो खरंच भेटला होता का? त्याची स्मरणशक्ती कशी होती? या प्रश्नांसाठी ‘अस्मा-उर-रिजाल’ नावाचं माणसांच्या चरित्रांचं वेगळं शास्त्र उभं राहिलं. विषयाच्या पावित्र्याशी मी तुलना करत नाही. पद्धत मात्र उसनी घेतो. १९३७ च्या त्या रात्रीचे रावी अनेक आहेत, एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून ती रात्र आपण मान्य करतो. टाळ्या ३० मिनिटं होत्या की ४०, यावर मात्र त्यांचं एकमत नाही.

आठवी सिम्फनी आणि दोन तारखा

सप्टेंबर १९४१ मध्ये लेनिनग्रादला जर्मन वेढा पडला. तो जानेवारी १९४४ पर्यंत टिकला आणि लाखो माणसं उपासमारीने मेली. फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला हलवला गेला होता. म्राविन्स्की तिथे होते. वेढलेल्या शहरात ९ ऑगस्ट १९४२ ला शोस्ताकोविच यांची सातवी सिम्फनी वाजली ती रेडिओच्या अर्धपोटी वाद्यवृंदाने, कार्ल एलियासबर्ग यांच्या हाताखाली. हे श्रेय एलियासबर्ग यांचं आहे. म्राविन्स्कींविषयी लिहिताना ते त्यांच्या नावावर टाकायचा मोह टाळायला हवा.

आठवी सिम्फनी म्राविन्स्कींनी ४ नोव्हेंबर १९४३ ला मॉस्कोत सादर केली. स्टालिनग्राद जिंकलं होतं, युद्ध फिरलं होतं. राज्यकर्त्यांना विजयाचं संगीत हवं होतं. शोस्ताकोविच यांनी दिला तासाभराचा शोक. पहिलाच भाग सुमारे २५ मिनिटांचा. त्यात सगळा वाद्यवृंद किंचाळून थांबतो आणि मग एकटं कोर-आंग्ले, म्हणजे शहनाईच्या दूरच्या नात्यातलं एक वाद्य, बराच वेळ बोलत राहतं. तिसऱ्या भागात व्हिओला वाद्यं यंत्रासारखी एकाच ठेक्यावर चालत राहतात. चौथ्यात खर्जातली एकच ओळ पुन्हा पुन्हा येते. शेवट मोठ्या आवाजात होत नाही, विझत जातो.

याच ठिकाणी मी एक दुसरी तारीख ठेवू इच्छितो. २ नोव्हेंबर १९४३. मॉस्कोतल्या मैफलीच्या दोन दिवस आधी उत्तर काकेशसमधल्या कराचाय या मुस्लीम समाजाला स्टालिनच्या हुकमाने गाड्यांमध्ये भरून मध्य आशियात हद्दपार करायला सुरुवात झाली. सुमारे ६९ हजार माणसं, त्यांत बहुसंख्य बाया, मुलं, म्हातारे, कारण तरुण पुरुष लाल सैन्यात लढत होते. आरोप होता शत्रूला मदत केल्याचा, सबंध समाजावर. पुढच्या फेब्रुवारीत चेचेन आणि इंगुश, मे महिन्यात क्रिमियाचे तातार. वाटेत आणि नंतरच्या वर्षांत किती मेले, त्याचे आकडे अंगावर येतात.

या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध आहे, असं मी म्हणत नाही. शोस्ताकोविच यांच्या सिम्फनीत कराचाय नाहीत, मॉस्कोच्या श्रोत्यांना ही बातमीही नव्हती. पण शब्दांशिवायचा शोक कुणाचा, हे त्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळेच सत्तेच्या नाकासमोर तो वाजू शकला आणि त्यामुळेच मी आज ऐकताना त्या गाड्याही त्यात आणून बसवू शकतो. ही शब्दहीन संगीताची ताकद आहे. तिचीच एक मर्यादाही आहे, ती पुढे दिसेल.

१९४८ मध्ये पक्षाने शोस्ताकोविच यांच्यावर पुन्हा ठपका ठेवला आणि आठवी सिम्फनी बंदी घातलेल्या रचनांच्या यादीत गेली. स्टालिनच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती मैफलीत परत आली. सप्टेंबर १९६० मध्ये म्राविन्स्कींनी ती लंडनला नेली. बीबीसीने केलेलं त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते आणि १९८२ चं, अशी दोन्ही मुद्रणं एकापाठोपाठ ऐकून पाहा. मधल्या २१ वर्षांत आराखडा फारसा बदललेला नाही. आवाज कोरडा झालाय, तुटक झालाय. ज्या माणसाला ही रचना अर्पण झाली, तो ती अनामत सांभाळल्यासारखी सांभाळत होता.

टेपची सनद

पश्चिमेत म्राविन्स्की ओळखले गेले ते १९६० च्या त्याच दौऱ्यातल्या तीन रेकॉर्डमुळे. चायकोव्स्की यांच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सिम्फनी त्यांनी एका जर्मन कंपनीसाठी लंडन आणि व्हिएन्नात ध्वनिमुद्रित केल्या. या रेकॉर्ड आजही बाजारातून हटलेल्या नाहीत. पण १९६१ नंतर त्यांची स्टुडिओतली ध्वनिमुद्रणं थांबतात. त्यानंतरच्या २३ वर्षांचं जे काही आपल्याकडे आहे, ते सारं मैफलींचं आहे. सभागृहात टांगलेले मायक्रोफोन, फिरणारी टेप आणि एकदाच वाजणारं संगीत.

फेब्रुवारी १९६५ मध्ये मॉस्को कॉन्झर्वेटरीच्या मोठ्या सभागृहात त्यांनी दिलेल्या मैफलींची मालिका ऐकण्यासारखी आहे. ग्लिंका यांच्या ‘रुस्लान आणि ल्युदमिला’चा प्रारंभ पाच मिनिटांच्या आत संपतो. इतक्या वेगात की डझनावारी व्हायोलिनं एका माणसाने वाजवावीत तशी एकत्र धावतात, एकही स्वर सांडत नाही. त्याच दिवसांत सिबेलियस, बार्तोक, हिंडेमिथ आणि ओनेगर. ओनेगर यांच्या तिसऱ्या सिम्फनीच्या तीनही भागांना ख्रिस्ती प्रार्थनांमधली लॅटिन नावं आहेत. शेवटचा भाग शांतीची याचना करतो. नास्तिक राजवटीच्या राजधानीत, पक्षाचा कधीही सभासद न झालेला एक श्रद्धाळू माणूस ते वाजवतो आहे, हे माहीत असलं की कान वेगळे लागतात. पुढे व्हिएन्नात १९७८ मध्ये आणि सत्तरच्या दशकातल्या जपान दौऱ्यांतही टेप फिरल्या. जपानी रसिकांनी त्या पुढे फार आस्थेने प्रकाशित केल्या.

आता साखळीकडे येतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर या टेप जगभरच्या लहानमोठ्या कंपन्यांच्या हाती गेल्या आणि घोळ सुरू झाला. एकच मैफल दोन सीड्यांवर दोन वेगळ्या तारखांनी मिळते. वर ‘मैफल’ लिहिलेलं असतं, आत श्रोत्यांचा श्वासही ऐकू येत नाही. कुठे शेवटच्या टाळ्या कापलेल्या असतात, त्यामुळे तालीम की मैफल हे कळायचा मार्ग बंद होतो.

सर्वांत बोलका घोळ झाला तो ज्या मैफलीने मी सुरुवात केली तिचाच. २८ मार्च १९८२ ची आठवी सिम्फनी एका मोठ्या पाश्चात्त्य कंपनीने प्रकाशित केली, तेव्हा टेप मूळ गतीपेक्षा किंचित जलद फिरली होती. टेप जलद फिरली की दोन गोष्टी होतात. संगीत लवकर संपतं आणि पट्टी चढते. हार्मोनियमवर काळी एकमध्ये गायलेलं गाणं वरच्या सुराकडे सरकावं, तसं. हजारो लोकांनी तीच सीडी ऐकली. समीक्षकांनी तिच्यातल्या तणावाची तारीफ केली. त्यातला काही तणाव म्राविन्स्कींचा होता आणि काही चुकीच्या गतीचा. नंतर दुसऱ्या प्रकाशकांनी गती दुरुस्त करून तीच मैफल पुन्हा काढली. ती ऐकली की कळतं, काळोख अधिक खोल आहे, घाई कमी आहे.

म्हणजे रावी प्रामाणिक होता. तो तिथे हजर होता, त्याने काही लपवलं नाही, काही भर घातली नाही. तरी त्याच्या घड्याळात दोष होता. यंत्र खोटं बोलत नाही, असं आपण सहज म्हणतो. यंत्र खोटं बोलत नसेलही, पण ते चुकतं. ते कुणाच्या हातातून आपल्यापर्यंत आलं, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष घेऊ नये. मोबाइलवर आलेला प्रत्येक व्हिडिओ पुरावा मानण्याच्या आजच्या दिवसांत मुहद्दिसांची ही शिस्त जुनी वाटत नाही.

न वाजलेली सिम्फनी

आता कठीण भागाकडे.

२९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत कीव्ह शहराबाहेरच्या बाबी यार नावाच्या घळीत नाझींनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. युद्धानंतर बराच काळ सोव्हिएत सरकारने तिथे स्मारक उभारलं नाही. मेलेले सगळे ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ होते, असं अधिकृत भाषेत म्हटलं जाई. ते ज्यू म्हणून मारले गेले, हे उच्चारायची सोय नव्हती. १९६१ मध्ये तरुण कवी येव्गेनी येव्तुशेंको यांनी याच मौनाविरुद्ध आणि देशातल्या ज्यूद्वेषाविरुद्ध कविता लिहिली. शोस्ताकोविच यांनी तिच्यावर आणि त्याच कवीच्या आणखी चार कवितांवर आपली तेरावी सिम्फनी बेतली. बास आवाजाचा गायक, पुरुषांचा कोरस आणि वाद्यवृंद. या वेळी शोकाला शब्द होते आणि शब्दांत मेलेल्यांचं नाव होतं.

पाचवी, सहावी, आठवी, नववी, दहावी, बारावी. शोस्ताकोविच यांच्या इतक्या सिम्फनी पहिल्यांदा म्राविन्स्कींच्या हातून लोकांसमोर आल्या होत्या. तेरावीही त्यांच्याकडेच गेली. त्यांनी ती केली नाही.

कारणं निरनिराळी सांगितली जातात. त्यांची पत्नी गंभीर आजारी होती आणि १९६४ मध्ये ती वारली, हे खरं आहे. गायकांसाठीच्या रचना ते सहसा करत नसत, असंही म्हणतात. पण १९४९ मध्ये, स्टालिनच्या हयातीत, त्यांनी शोस्ताकोविच यांचंच ‘वनांचं गीत’ पहिल्यांदा सादर केलं होतं. त्यात गायक होते, कोरस होता आणि स्टालिनच्या वृक्षारोपण योजनेची स्तुती होती. सत्तेचा दबाव होता, हे तर उघडच होतं. ज्या बास गायकाला आधी विचारलं त्यानेही नकार दिला. दुसऱ्या गायकाने ऐनवेळी माघार घेतली आणि राखीव गायकाला उभं करावं लागलं. १८ डिसेंबर १९६२ ला मॉस्कोत ती सिम्फनी किरिल कोंद्राशिन यांनी वाजवली. शोस्ताकोविच आणि म्राविन्स्की यांचं नातं त्यानंतर पूर्वीसारखं राहिलं नाही. दहा वर्षांनी म्राविन्स्कींनी पंधरावी सिम्फनी लेनिनग्रादमध्ये सादर केली, तेव्हा काहीसं सांधलं गेलं. तिच्यात शब्द नव्हते.

या प्रकरणातही एक टेप आहे. २० डिसेंबर १९६२ ला कोंद्राशिन यांनी ती सिम्फनी दुसऱ्यांदा वाजवली, त्याचं ध्वनिमुद्रण टिकून आहे. पुढे दबावाखाली येव्तुशेंको यांनी बाबी यारच्या कवितेतल्या काही ओळी बदलल्या. तिथे ज्यूंबरोबर रशियन आणि युक्रेनियनही पडले आहेत, अशा अर्थाच्या ओळी घातल्या गेल्या. नंतर बराच काळ सोव्हिएत देशात बदललेलेच शब्द गायले गेले. २० डिसेंबरच्या टेपवर मात्र मूळ शब्द आहेत. छापलेला मजकूर मागे जाऊन बदलता आला. त्या रात्री सभागृहात उच्चारलं गेलेलं बदलता आलं नाही.

ज्या समाजाच्या दुःखाला ‘सगळ्यांच्याच दुःखा’त विरघळवून टाकलं जातं, त्या समाजाच्या माणसाला या ओळींचं मोल समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यांसाठी रडणं सोपं असतं. नाव घेऊन रडायला हिंमत लागते. शोस्ताकोविच यांनी ती दाखवली, कोंद्राशिन यांनी दाखवली आणि ऐनवेळी उभ्या राहिलेल्या वितालि ग्रोमाद्स्की या गायकानेही दाखवली.

मग म्राविन्स्की भित्रे होते का? मला हा प्रश्न असा विचारावासा वाटत नाही. १९३७ मध्ये ती संहिता डोक्यावर धरणं म्हणजे काय, हे आपण आपल्या सुरक्षित खोलीत बसून मोजू शकत नाही. आठव्या सिम्फनीशी ते शेवटपर्यंत प्रामाणिक राहिले. एक माणूस एका वर्षी उभा राहतो आणि दुसऱ्या वर्षी उभा राहत नाही. दोन्ही खरं असतं. रावींची चरित्रं लिहिणाऱ्यांनी थोर माणसांच्याही नावापुढे त्यांचे दोष नोंदवले, कारण त्यांना कुणाचा अपमान करायचा नव्हता, साखळी स्वच्छ ठेवायची होती. म्राविन्स्कींच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तेराव्या सिम्फनीची जागा रिकामी आहे. ती रिकामी जागाही त्यांच्या चरित्रात लिहायला हवी, इतकंच.

शेवटची टेप

म्राविन्स्कींचं शेवटचं ध्वनिमुद्रण एप्रिल १९८४ च्या मैफलीचं आहे. त्यात शोस्ताकोविच यांची बारावी सिम्फनी आहे. तिचं नाव ‘१९१७ साल’ आणि ती अर्पण केलेली आहे लेनिनच्या स्मृतीला. तेरावीच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, तीही त्यांनीच पहिल्यांदा वाजवली होती. या सिम्फनीला अनेक समीक्षक शोस्ताकोविच यांचं सरकारी काम मानतात. तरी त्या म्हाताऱ्या हातांनी ती अशी वाजवून घेतली आहे की क्षणभर आपणही तिला महान मानू लागतो. १९१७ मध्ये त्या हातांचा मालक चौदा वर्षांचा, सरदार घराण्यातला मुलगा होता. पुढच्याच वर्षी वडील गेले होते आणि तो पोटासाठी नाटकात मूकपात्र म्हणून उभा राहिला होता. क्रांतीने त्याचं घर घेतलं आणि त्याच राजवटीने त्याला पन्नास वर्षं देशातला सर्वोत्तम वाद्यवृंद दिला. त्या टेपमध्ये हे दोन्ही आहे की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवावं.

मार्च १९८७ मध्ये त्यांनी शेवटची मैफल केली, शूबर्ट आणि ब्राम्स यांच्या संगीताची. १९ जानेवारी १९८८ ला ते गेले. त्यांच्या शहराचं नाव पुढे बदललं, देश नकाशावरून गेला, वाद्यवृंदाच्या नावातलंही लेनिनग्राद गेलं. टेप राहिल्या.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांना एकच सांगणं. १९८२ ची आठवी सिम्फनी गती दुरुस्त केलेल्या आवृत्तीत ऐका, तासभर मोकळा काढून, मध्ये न थांबता. ती संपली की दुसऱ्या दिवशी कोंद्राशिन यांची २० डिसेंबर १९६२ ची तेरावी ऐका. एकीत शब्द नाहीत, दुसरीत नावं आहेत. एक वाजवणाऱ्याने दुसरी वाजवली नाही. दोन्हींत कुणीतरी खोकतं.